लिनक्स मशीन बंद होत नाही? बटण दाबण्याआधी त्या दीड मिनिटाचा हिशोब मागा



दुकानाचं काम लिनक्सवर कसं करायचं, या आपल्या व्हिडिओंवर एक तक्रार सारखी येते. "सर, बिलं होतात, प्रिंट निघते, इंटरनेट चालतं. पण संध्याकाळी शटडाउन दिलं की मशीन बंदच होत नाही. लोगो येतो, ठिपके फिरत राहतात. शेवटी बटण दाबून धरतो आणि घरी जातो."

यावर इंटरनेटवर एक तयार नुस्खा फिरतोय. सिस्टिमडी नावाच्या भागाची एक सेटिंगची फाइल असते, तिथे ९० सेकंदांच्या जागी ५ सेकंद लिहा, मशीन झटक्यात बंद होईल. नुस्खा चालतो, हे मी नाकारत नाही. तरीही माझं स्पष्ट मत आहे की ज्या मशीनवर तुमचा हिशोब आहे त्या मशीनवर हा उपाय करू नये. घरी पोरं गाणी ऐकतात त्या मशीनवर खुशाल करा. पण खळ्यावरच्या, मेडिकलमधल्या, कृषी सेवा केंद्रातल्या मशीनवर नको. का ते आज जरा सविस्तर सांगतो, कारण व्हिडिओत हे सगळं बसलं नाही.

आधी हे ९० सेकंद आहेत काय ते बघू. तुम्ही शटडाउन म्हणता तेव्हा लिनक्स प्रत्येक चालू कामाला सांगतो, "आवरा आता." बहुतेक कामं क्षणात आवरतात. एखादं आवरत नाही. त्याला ठरलेली मुदत दिली जाते, आणि ती मुदत बहुतेक ठिकाणी ९० सेकंद असते. तेवढ्यात आवरलं तर ठीक, नाहीतर लिनक्स ते काम जबरदस्तीने संपवतो आणि पुढे जातो. म्हणजे मशीन 'अडकलंय' असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ते अडकलेलं नसतं, कुणाची तरी वाट बघत असतं. आणि आपण विसाव्या सेकंदाला बटणावर अंगठा ठेवतो.

लासलगावच्या माणसाला हे समजावणं तसं सोपं आहे. ट्रॅक्टरचा लिलाव झाला, भाव पुकारला, म्हणजे व्यवहार संपला का? भरलेलं वजन होतं, खळ्यावर माल खाली होतो, मग रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन, आणि मग हिशोबपट्टी. रिकामं वजन न करता ट्रॅक्टर गेटबाहेर गेला तर किती क्विंटल माल आला हे कुणीच सांगू शकत नाही. शटडाउनमध्ये अगदी हेच चाललेलं असतं. तुम्ही सेव्ह केलेली फाइल त्याच क्षणी डिस्कवर उतरतेच असं नाही. लिनक्स ती काही काळ मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर लिहितो, कारण त्यामुळे मशीन चपळ चालतं. बंद होताना हे सगळं उरलेलं लिखाण डिस्कवर उतरवायचं, डिस्क नीट मिटवायची, आणि मग वीज तोडायची, असा क्रम आहे. तुम्ही बटण चार सेकंद दाबून धरलंत की हा क्रम जिथे असेल तिथे तुटतो.

आता कुणी म्हणेल, "सर, लिनक्सची फाइल सिस्टिम मजबूत असते, काही होत नाही." अर्धं खरं आहे. आजच्या लिनक्समध्ये सहसा जी ईएक्सटी४ फाइल सिस्टिम असते ती जर्नल ठेवते. आपल्या रोजकीर्दीसारखं, आधी नोंद, मग खतावणी. त्यामुळे वीज गेली तरी डिस्कची मांडणी सहसा कोसळत नाही. पण मांडणी शाबूत राहणं वेगळं आणि तुमचा आजचा हिशोब शाबूत राहणं वेगळं. कपाट उभं आहे, पण आतली वही कोरी आहे, असंही होऊ शकतं. आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर मागे डेटाबेस वापरत असेल, तर त्या डेटाबेसला नीट मिटायला खरोखर वेळ लागतो. त्याला ५ सेकंदांत मारून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी "कालची चार बिलं दिसत नाहीत" म्हणून लिनक्सला शिव्या घालायच्या, हे मला पटत नाही.

एक उदाहरण देतो. लासलगावातलंच, एका कांदा व्यापाऱ्यांच्या ऑफिसातलं. नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. दोन जुनी मशीन. त्यांच्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला, आणि विंडोज ११ ला जी टीपीएम २.० नावाची सोय लागते ती या मशीनमध्ये नव्हती. तेव्हा शेठनी दोन्हीवर लिनक्स मिंट टाकून घेतलं. एक मशीन बाहेर काउंटरवर, एक आत दिवाणजींकडे. काउंटरच्या मशीनवर एक सामाईक फोल्डर, त्यात दिवसभराच्या पट्ट्या. दिवाणजी तोच फोल्डर आपल्या मशीनवरून उघडून हिशोब जुळवतात. आतलं मशीन रोज संध्याकाळी बंद होताना लटकायचं. शेठचं म्हणणं, "हे लिनक्स फुकट आहे ना, म्हणूनच असं." दिवाणजींचं म्हणणं, मशीनच म्हातारं झालंय.

आम्ही एवढंच केलं. शटडाउन दिलं आणि लोगो दिसताच एस्केप बटण दाबलं. लोगो बाजूला झाला आणि मागचा मजकूर दिसायला लागला. त्यात एक ओळ होती, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर', पुढे त्या सामाईक फोल्डरचं नाव, आणि शेजारी सेकंदांचा आकडा चढत होता. झालं, चोर सापडला. काउंटरवरचा मुलगा सात वाजता आपलं मशीन बंद करून निघून जायचा. दिवाणजी साडेसातला बंद करायचे. त्यांचं मशीन बंद होण्याआधी त्या फोल्डरचा निरोप घ्यायला बघायचं, पण तो फोल्डर ज्या मशीनवर होता ते तर आधीच झोपलेलं! उत्तर कोण देणार? म्हणून वाट बघत बसायचं. उपाय काय केला? आधी आतलं मशीन बंद करायचं, मग बाहेरचं. एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. एक रुपया खर्च नाही. पुढे तो फोल्डर लागेल तेव्हाच जोडला जाईल अशी सेटिंगही करून दिली, पण खरं काम त्या कागदाने केलं.

इथे ५ सेकंदांचा नुस्खा केला असता तर? मशीन पटकन बंद झालं असतं, सगळे खूश झाले असते, आणि एखाद्या दिवशी दिवाणजींची उघडी राहिलेली फाइल त्या फोल्डरमध्ये पूर्ण न लिहिताच मशीन बंद झालं असतं. तेव्हा कारण शोधायला कुणी मजकूर बघितलाही नसता, कारण तो वाचायला मिळण्याइतका वेळच आपण ठेवलेला नसता. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ते ९० सेकंद हे दुखणं नाही, दुखण्याचं लक्षण आहे. ताप उतरवायला थर्मामीटर फोडून चालत नाही.

दुसरा प्रकार पेनड्राइव्हचा, आणि हा मला जास्त घाबरवतो. बरेच जण संध्याकाळी हिशोबाची कॉपी पेनड्राइव्हवर घेतात. चांगली सवय आहे, मीच सांगतो. पण स्वस्तातला पेनड्राइव्ह लिहायला फार हळू असतो. स्क्रीनवरची कॉपीची पट्टी भरते, 'झालं' असं दिसतं, पण प्रत्यक्षात बराच भाग अजून मेमरीतच असतो आणि हळूहळू पेनड्राइव्हवर उतरत असतो. तेवढ्यात तुम्ही शटडाउन देता. लिनक्स थांबतो, कारण लिखाण पुरं व्हायचंय. तुम्हाला वाटतं अडकलं. तुम्ही बटण दाबून धरता. आणि मग तुमचा बॅकअप अर्धाच असतो, पण तुम्हाला तो पूर्ण वाटतो! गंमत म्हणजे हे कळतं कधी? मशीनची हार्ड डिस्क जाते त्या दिवशी. मार्चअखेरीला लिलाव बंद ठेवून सगळे हिशोब मिटवायला बसतात, तेव्हा पेनड्राइव्ह लावला आणि फाइल उघडेना, ही वेळ कुणावर येऊ नये.

त्यामुळे पेनड्राइव्ह काढताना फाइल मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे जी बाहेर काढण्याची खूण असते ती दाबा, आणि 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप येईपर्यंत थांबा. मग शटडाउन. आणि आठवड्यातून एकदा तो पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून फाइल खरंच उघडते का ते बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

आता तुमच्याकडे काय झालंय ते कसं ओळखायचं? 'बंद होत नाही' या एकाच तक्रारीखाली तीन-चार वेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. म्हणून पहिलं काम औषध नाही, बघणं. शटडाउन द्या, एस्केप दाबा, मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

स्क्रीनवर 'स्टॉप जॉब' आणि चढता आकडा दिसला, तर वर सांगितलेला प्रकार. कुणीतरी आवरत नाहीये. नाव वाचा. प्रिंटरचं नाव असेल, सामाईक फोल्डरचं असेल, आपोआप अपडेट करणाऱ्या सेवेचं असेल. अपडेटचं असेल तर खरोखर थांबा. अपडेट अर्धवट असताना वीज तोडली की दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होत नाही, असे प्रकार होतात. फोटो काढायचा राहिला तरी हरकत नाही, मशीन नोंद ठेवतं. दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडा आणि जर्नलसीटीएल, जागा, वजा-बी, जागा, वजा-१, जागा, वजा-ई असं लिहून एंटर करा. इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिलंय, तिथे थांबवून बघून घ्या. 'वजा-१' म्हणजे मागच्या वेळेचं, 'वजा-ई' म्हणजे शेवटाकडचं. त्यात 'टाइम्ड आउट' असे शब्द शोधा. त्याच्या आसपास जे नाव आहे तो तुमचा माणूस.

मशीनमध्ये २ किंवा ४ जीबी रॅम असेल आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे असतील, तर प्रकार आणखी साधा असतो. रॅम पुरत नाही म्हणून लिनक्सने बरंचसं सामान डिस्कवर स्वॅपमध्ये टाकलेलं असतं. बंद होताना प्रत्येक प्रोग्रॅमला आवरायला सांगितलं की ते सामान परत वर आणावं लागतं, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क खडखडत बसते. इथे शटडाउनआधी ब्राउझर हाताने बंद करा, फरक लगेच कळेल. शक्य असेल तर रॅम वाढवा, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका. जुन्या मशीनवर माझ्या मते सर्वांत वसूल होणारा खर्च हाच आहे.

स्क्रीनवर सगळी कामं आटोपल्याचं दिसतं, 'पॉवर ऑफ'पर्यंत मजकूर पोचतो, पण पंखा फिरत राहतो आणि लाइट जळत राहते, हे मात्र वेगळं दुखणं आहे. इथे लिनक्सने आपलं काम केलंय. शेवटी वीज तोडण्याचा निरोप मदरबोर्डला जातो, आणि त्यासाठी एसीपीआय नावाचं एक मानक आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ मध्ये आणलं. काही जुन्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये हे मानक नीट पाळलेलं नसतं, त्यामुळे निरोप जातो पण अंमल होत नाही. चांगली गोष्ट ही, की या टप्प्यावर तुमचा डेटा उतरलेला असतो, त्यामुळे इथे बटण दाबून धरलं तरी नुकसान नाही. म्हणूनच बघितल्याशिवाय दाबू नका असं म्हणतो. एकच बटण, पण एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी घातक.

हे दुखणं नव्या अपडेटनंतर सुरू झालं असेल तर मशीन सुरू होताना ग्रबच्या मेनूतून 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडून बघा. जुना कर्नल सहसा तिथे ठेवलेला असतो. त्यावर मशीन नीट बंद झालं तर दोष कुठे ते कळलं. तेवढ्याने भागलं नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हची परीक्षा घ्या. लिनक्स ज्या पेनड्राइव्हवरून टाकलं होतं त्यावरूनच मशीन सुरू करा, काही इन्स्टॉल करू नका, आणि तिथून शटडाउन द्या. (पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा असं तो सांगेल, त्याला अडकणं समजू नका.) तिथून मशीन नीट बंद झालं तर गडबड तुमच्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टिममध्ये. तिथूनही बंद होत नसेल तर बायोस नाहीतर हार्डवेअर. दुरुस्तीवाल्याकडे जायच्या आधी हे करा, कारण मग तुम्ही त्याला 'बंद होत नाही' एवढंच न सांगता नेमकं काय होतं ते सांगू शकता, आणि नेमकं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला उगाच नवा मदरबोर्ड कुणी चिकटवत नाही.

तिसरा प्रकार: बंद होतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं. यात बहुधा मशीनला कुणीतरी उठवत असतं. नेटवर्क केबलवरून उठवण्याची सोय, म्हणजे वेक ऑन लॅन, किंवा यूएसबी कीबोर्ड-माउसवरून उठवण्याची सोय बायोसमध्ये चालू असते. ती बंद करा. याचाच एक भाऊ आपल्या भागात फार भेटतो. रात्री लाइट जाते, पहाटे येते, आणि सकाळी दुकान उघडून बघतो तर मशीन चालू! भुताटकी नाही. 'वीज परत आल्यावर काय करायचं' अशी एक सेटिंग बायोसमध्ये असते, ती 'चालू हो' वर असते. ती 'बंदच राहा' वर करा आणि घरी जाताना भिंतीवरचं बटणही बंद करा. सेटिंग केली तरी टिकत नसेल आणि तारीखही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपलाय. घड्याळवाल्याकडेही मिळतो, किरकोळ किमतीत. पण त्याच्यापायी इंटरनेट नसताना बिलावर जुनी तारीख छापली जाते, आणि ते निस्तरणं किरकोळ नसतं.

मशीन मध्येच आपोआप बंद पडतं हा चौथा प्रकार, पण तो आजचा विषय नाही. तिथे आधी कॅबिनेट उघडा. खळ्यावरच्या मशीनमध्ये धुळीबरोबर कांद्याची सालपटं पंख्यात जाऊन बसलेली असतात. फुंकणी मारा, मग बोलू.

ज्यांनी एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंय, टॅलीसाठी बरेच जण ठेवतात, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर विंडोज शटडाउन दिल्यावर पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून त्या डिस्कवर लिहायला गेलात की ती फक्त वाचायला मिळते. लोकांना वाटतं लिनक्स बिघडलं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, प्रश्न मिटला.

मग खरंच अडकलं तर? दोन-तीन मिनिटं झाली, आकडा चढत नाही, माउस हलत नाही. तेव्हाही बटण हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी एक मधला मार्ग आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही दोन बटणं दाबून धरा आणि सावकाश, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, मग यू, मग ओ दाबा. एस म्हणजे मेमरीतलं लिखाण डिस्कवर उतरव, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, ओ म्हणजे वीज तोड. उबंटूवर आणि उबंटूवर आधारलेल्या मिंटवर या तिघांना मुळातच परवानगी असते. लॅपटॉपवर काही वेळा एफएन बटणही सोबत लागतं. हे तीन इंग्रजी अक्षरांचं चिटोरं मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. आणि हो, पॉवरचं बटण एकदा टिचकीसारखं दाबणं आणि चार सेकंद दाबून धरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टिचकी म्हणजे विनंती. तिने लिनक्स सहसा नीट बंद होतो किंवा विचारतो तरी. दाबून धरणं म्हणजे प्लग उपसणं.

यूपीएसबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण आपल्याकडे निम्मी शटडाउन लाइट गेल्यावर, यूपीएस पीपी करत असतानाच होतात. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. नवी असताना दहा मिनिटं देणारा यूपीएस मग दोन मिनिटंही देत नाही. आता हिशोब करा. तुमच्या मशीनवर दोन कामं प्रत्येकी ९० सेकंद अडून बसत असतील, आणि एकामागून एक अडली, तर तीन मिनिटं. यूपीएस दोन मिनिटांचा. म्हणजे रोज लाइट जाते तेव्हा तुमचं मशीन नीट बंद होतच नाहीये, आणि तुम्हाला पत्ता नाही. म्हणूनच ते अडणारं काम शोधणं गरजेचं आहे असं मी म्हणतो. निव्वळ घरी लवकर जाण्यासाठी नाही. यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते यूपीएसवरच मार्करने लिहून ठेवा.

इथे आमच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे. कॉम्प्युटरच्या वर्गात पहिल्या दिवशी बिल कसं करायचं ते शिकवतात. मशीन कसं बंद करायचं हे कुणी शिकवत नाही, ते गृहीत धरलेलं असतं. काउंटरवरचा मुलगा बघून बघून शिकतो, आणि बघतो काय, तर आधीचा मुलगा बटण दाबून धरत होता! नवीन माणूस कामावर आला की त्याला पहिल्या दिवशी संध्याकाळी उभं करून मशीन बंद करायला लावा, आणि स्क्रीन काळी होऊन पंखा थांबेपर्यंत त्याला जागचं हलू देऊ नका. दहा मिनिटांचं प्रशिक्षण आहे.

"मग सर, जुनं मशीन ठेवायचं की फेकायचं?" हा प्रश्न शेवटी येतोच. शटडाउनच्या तक्रारीवरून मशीन फेकू नका, हे माझं मत. नवीन मशीन घेतलं तरी त्याच सवयी घेऊन तुम्ही त्याच्यासमोर बसणार. लिनक्स मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे पट्ट्या, बिलं, जीएसटीची पोर्टलं, ईमेल एवढ्या कामाला दहा वर्षांपूर्वीचं मशीन अजून चालतं. पण आंधळी माया नको. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यात हार्ड डिस्क निवडून स्मार्ट तपासणी उघडा. बदललेले किंवा अडलेले सेक्टर शून्याच्या वर असतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर ती डिस्क जाणार. अशी डिस्क लिहिताना अडखळते, आणि शटडाउन लांबण्याचं तेही एक कारण असतं. तेव्हा आधी बॅकअप, मग डिस्क बदला, सेटिंगशी खेळत बसू नका. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर त्या बोर्डावर पैसे घालू नका. आणि तीन माणसांचं काम ज्या एका मशीनवर अडतं, ते मशीन जुनं असेल तर त्याला जोडीदार हवाच, तो दुसरा जुना का असेना.

ज्यांनी ५ सेकंदांचा बदल आधीच करून ठेवलाय त्यांच्यासाठी: सिस्टिमडीच्या त्या फाइलमधल्या 'डिफॉल्ट टाइमआउट स्टॉप सेक' या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा हॅशची खूण टाका, फाइल सेव्ह करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. मूळची मुदत परत लागू होईल. मग संध्याकाळी शटडाउन देऊन एस्केप दाबा आणि फोटो काढा.

पुढच्या व्हिडिओत असे फोटो घेऊन एकेक ओळ वाचून दाखवणार आहे. तुमच्या मशीनचा फोटो पाठवताना सोबत तीन गोष्टी लिहा: मशीनमध्ये रॅम किती, कुठलं लिनक्स, आणि बंद करायच्या वेळी काय काय जोडलेलं होतं. फोटोत पट्टीवरची शेतकऱ्यांची नावं किंवा खाते नंबर दिसत असतील तर ते आधी झाकून घ्या.